मास्टरचं मेन करायचंय? कमांडच्या आधी शोधाशोध करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. टीमचा गिटमधला (गिट म्हणजे कोडच्या बदलांची हिस्ट्री ठेवणारं टूल) एक जुना रेपो, म्हणजे कोडचं भांडार, आहे, त्याची डिफॉल्ट ब्रँच, म्हणजे मुख्य शाखा, मास्टर, नंतरचे सगळे रेपो मात्र मेनवर. काही पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे मुख्य ब्रँचमधे मिसळायला ठेवलेले बदल) उघडे आहेत, सीआय (टेस्ट आणि बिल्ड आपोआप चालवणारी यंत्रणा) आहे, मर्ज झालं, म्हणजे बदल मिसळले, की डिप्लॉय आपोआप होतो. लीडनं सांगितलंय की याचंही मेन करून टाका. आणि तुम्ही विचारताय की हिस्ट्री उडेल का, उघड्या पीआरचं काय होईल, आणि सेफ्टी म्हणून दोन्ही ब्रँच काही महिने शेजारी शेजारी ठेवल्या तर चालेल का.

तिन्हीची उत्तरं आधीच देऊन टाकते. हिस्ट्रीला काहीही होत नाही. उघडे पीआर वाचतात की नाही हे तुम्ही रीनेम कुठल्या वाटेनं करता त्यावर आहे. आणि दोन्ही ब्रँच जिवंत ठेवू नका, का ते खाली लिहिलंय. पण मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या प्रश्नात नसलेल्या गोष्टीची. नाव बदलल्यावर काही गोष्टी मोडतात, त्या लाल होऊन समोर येतात, कोणीतरी ओरडतं, अर्ध्या तासात दुरुस्त होतात. काही गोष्टी मात्र मोडत नाहीत, नुसत्या चालायच्या थांबतात, आणि सगळं हिरवंच दिसत राहतं. रीनेमची सगळी तयारी या दुसऱ्या प्रकारासाठी करायची असते.

आधी हिस्ट्रीचं, कारण ती भीती गेल्याशिवाय बाकीचं डोक्यात शिरत नाही. गिटच्या लेखी ब्रँच म्हणजे फार काही नसतं. .गिट फोल्डरच्या आत रेफ्स, त्यात हेड्स, आणि त्यात मास्टर नावाची एक छोटी फाइल. उघडून बघा, आत एकच ओळ असते, एका कमिटचा (नोंदवून ठेवलेल्या बदलाचा) ४० अक्षरी हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, संपलं. (फाइल दिसली नाही तर घाबरू नका, गिट कधीकधी सगळे रेफ, म्हणजे कमिटकडे बोट दाखवणारी अशी नावं, पॅक्ड-रेफ्स नावाच्या एकाच फाइलमधे गोळा करून ठेवतं.) आता कमिटच्या आत काय असतं ते बघा: ट्री, आधीचा पेरेंट कमिट, ऑथर, कमिटर, मेसेज. ब्रँचचं नाव त्यात कुठंच नाही. त्यामुळे ब्रँचचं नाव बदललं म्हणून एकाही कमिटचा हॅश बदलत नाही, टॅग जागचे हलत नाहीत, ब्लेम (कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी यादी) तसाच राहतो, कोणाला फोर्स पुश, म्हणजे सर्व्हरवरची हिस्ट्री जबरदस्तीनं बदलणारा पुश, करावा लागत नाही. कोणी रीनेमसाठी फोर्स पुश करायला सांगत असेल तर तिथंच थांबवा, त्याची काही गरज नसते.

डिफॉल्ट ब्रँच हीसुद्धा गिटमधे वेगळी चीज नाहीये. सर्व्हरवरच्या रेपोत हेड नावाची फाइल असते, ती ज्या ब्रँचकडे बोट दाखवते ती डिफॉल्ट, आणि क्लोन केल्यावर, म्हणजे रेपोची प्रत आपल्या मशीनवर आणल्यावर, तीच चेकआउट होऊन हातात येते. इतकी वर्षं सगळीकडे मास्टर दिसायचं कारण गिट इनिट मारल्यावर तेच नाव मिळायचं. २०२० मधे ते बदलायला लागलं, जुलै २०२० च्या गिट २.२८ मधे इनिट.डिफॉल्टब्रँच ही सेटिंग आली, गिटहबनं १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपोंना मेन द्यायला सुरुवात केली, गिटलॅबनं २०२१ मधे १४.० पासून. म्हणून तुमच्याकडे जुना रेपो तेवढा मास्टरवर राहिला आणि नवे सगळे मेनवर आले. तुमच्या मशीनवर गिट इनिट अजून मास्टर देत असेल तर ती सेटिंग ग्लोबल कॉन्फिगमधे आजच मेन करून ठेवा, एका ओळीचं काम आहे.

आता असं बघा की हे नाव तीन ठिकाणी राहतं. एक, सर्व्हरवर. दोन, टीममधल्या प्रत्येकाच्या क्लोनमधे. आणि तीन, जिथं जिथं कोणीतरी हातानं 'मास्टर' असं टाइप करून ठेवलंय तिथं. पहिल्या ठिकाणाला एक मिनिट लागतं, दुसऱ्याला माणशी पाच मिनिटं आणि थोडी शिस्त. तिसऱ्याला किती वेळ लागेल हे रेपो किती जुना आहे, त्यातून डिप्लॉय होतो का, बाहेरचे लोक तो वापरतात का यावर आहे, त्यामुळे 'किती वेळ धरू' याला एकच आकडा मी देणार नाही. नुसता आतल्या वापराचा, डिप्लॉय नसलेला रेपो असेल तर चहाच्या सुट्टीत होतं. पब्लिक लायब्ररी असेल तर काही आठवडे अंगावर घ्यायची तयारी ठेवा.

तिसऱ्या ठिकाणी काय होतं ते एका खऱ्या उदाहरणानं सांगते. एका टीमनं रीनेम केलं, व्यवस्थित केलं, सगळ्यांना मेसेज गेला, लोकांनी क्लोन दुरुस्त केले. त्यांचा वर्कफ्लो (सीआयनं कुठल्या स्टेप चालवायच्या याची फाइल) प्रत्येक पुशवर चालायचा, ब्रँचचा फिल्टर नव्हता, त्यामुळे तो मेनवरही लगेच चालला. चेकआउट हिरवं, इन्स्टॉल हिरवं, टेस्ट हिरवे, बिल्ड हिरवं, वर मोठी हिरवी खूण. खाली डिप्लॉयची स्टेप मात्र राखाडी, बाजूला 'स्किप्ड'. कारण त्या स्टेपवर अट होती की रेफ बरोबर 'रेफ्स/हेड्स/मास्टर' असेल तरच चालव. अट खोटी ठरली, स्टेप वगळली गेली, आणि वगळलेली स्टेप म्हणजे फेल नव्हे, म्हणून पूर्ण रन हिरवा. लोक मर्ज करत राहिले, प्रॉडक्शन जुन्याच बिल्डवर. कळलं कधी, तर दुरुस्त झालेला बग परत दिसतोय अशी वापरणाऱ्यांची तक्रार आली तेव्हा, आणि मग दोन दिवस सगळे कॅश तपासत बसले, कारण पाइपलाइन हिरवी आहे म्हटल्यावर तिच्यावर संशय घ्यायचं कोणाच्याच मनात येत नाही. मला बोलावलं तेव्हा मी लॉग वरून खाली वाचला, एवढंच केलं.

याचाच भाऊ म्हणजे पीआरवरचा फिल्टर. वर्कफ्लोत लिहिलेलं असतं की मास्टरकडे येणाऱ्या पीआरवर टेस्ट चालवा. रीनेम झालं, पीआरचा बेस, म्हणजे तो ज्या ब्रँचमधे मर्ज होणार ती, मेन झाला, फिल्टर जुळत नाही, टेस्ट चालतच नाहीत. त्या टेस्ट ब्रँच प्रोटेक्शनमधे (ब्रँचमधे काय, कसं जाऊ द्यायचं याचे सर्व्हरवरचे नियम) सक्तीच्या केलेल्या असतील तर पीआर 'रिपोर्टची वाट बघतोय' म्हणत अडकून बसतो, लोक वैतागतात, कोणीतरी बघतं, सुटतं. सक्तीच्या नसतील तर पीआर टेस्ट न होताच मर्ज होतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून रीनेमच्या आधी टेस्ट सक्तीच्या करून घ्या, नंतर काढायच्या असतील तर काढा.

तर शोध कसा घ्यायचा. रेपोत गिट ग्रेप -एन -डब्ल्यू मास्टर मारा. -डब्ल्यू मुळे अख्खा शब्द जुळतो, म्हणजे वेबमास्टर वगैरे येत नाहीत आणि 'ओरिजिन/मास्टर', 'देव-मास्टर' हे मात्र सापडतात. पण एक फट राहते, अंडरस्कोअर हे गिटच्या दृष्टीनं शब्दातलंच अक्षर आहे, त्यामुळे मास्टर_ब्रँच अशा नावाचं व्हेरिएबल -डब्ल्यू ला दिसत नाही. म्हणून एकदा -डब्ल्यू न लावताही चालवा आणि यादी डोळ्यांनी वाचा. सगळीकडे एकदम फाइंड-रिप्लेस करू नका, डेटाबेसच्या सेटिंगमधलं मास्टर, मास्टर डेटाची टेबलं, दुसऱ्याच्या रेपोच्या लिंकमधलं मास्टर, यांचा तुमच्या ब्रँचशी काही संबंध नसतो आणि ते बदललं तर नवीनच काहीतरी मोडेल. दुसऱ्याच्या लिंकांकडे जास्त लक्ष द्या, त्यांनी रीनेम केलेलं नसेल तर तुमची बदललेली लिंक थेट ४०४.

हा शोध फक्त तुम्ही चेकआउट केलेल्या ब्रँचपुरता असतो हेही ध्यानात ठेवा. जुन्या रिलीज ब्रँच असतील तर प्रत्येकीत वर्कफ्लोची आपापली प्रत पडलेली असते, आणि हॉटफिक्सच्या, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीच्या, दिवशी तीच चालते. माझ्या अनुभवात सगळ्यात उशिरा सापडणारी अडचण हीच, कारण हॉटफिक्स रोज लागत नाही, आणि लागतो तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो.

मग रेपोच्या बाहेर बघा, इथं ग्रेप पोचत नाही, इथं तुम्हाला बसून आठवावं लागतं. जेन्किन्स (सीआयचं एक टूल) असेल तर जॉबच्या आत ब्रँच स्पेसिफायरमधे तारा-स्लॅश-मास्टर पडलेलं असतं, ते तिथं डिफॉल्टच असल्यामुळे मुद्दाम कोणी टाकलेलं नसतं आणि म्हणून कोणाला आठवत नाही. आर्गो सीडी हे डिप्लॉयचं टूल असेल तर त्यात टार्गेट रिव्हिजन. क्लाउडवर डिप्लॉयला परवानगी देणाऱ्या रोलमधे अट असते की अमुक रेपोच्या अमुक रेफवरून आलं तरच आत घे, तिथं 'रेफ्स/हेड्स/मास्टर' लिहिलेलं असेल तर परवानगी नाकारली जाईल, ते निदान ओरडतं तरी. वेबहुक (रेपोत काही घडलं की आपोआप जाणारा निरोप) घेणारी सर्व्हिस, जी फक्त मास्टरचे इव्हेंट पुढं पाठवते आणि बाकीचे टाकून देते, ती मात्र गप्प बसते. कोड क्वालिटीचे डॅशबोर्ड, डॉक्युमेंटेशन बांधणाऱ्या सर्व्हिस, डिपेंडन्सी अपडेट करणारे बॉट, सगळं बघा. आणि तुमचा रेपो वापरणारे दुसरे रेपो: सबमॉड्यूल (एका रेपोत जोडलेला दुसरा रेपो) म्हणून घेतला असेल तर .गिटमॉड्यूल्समधे ब्रँच लिहिलीय का बघा. नुसता सबमॉड्यूल अपडेट ठरावीक कमिटवरच चालतो म्हणून तो मोडत नाही, पण --रिमोट लावून अपडेट करणारी स्क्रिप्ट मोडेल. पॅकेज म्हणून थेट गिटवरून ओढत असतील तर तिथंही ब्रँचचं नाव असतं, पीएचपीच्या कंपोझरमधे देव-मास्टर, पायथनच्या रिक्वायरमेंट्समधे ॲटच्या पुढं मास्टर, रस्टच्या कार्गोमधे ब्रँच म्हणून.

बारीकसारीक एक गोष्ट सांगायची राहील म्हणून इथंच सांगते. रिलीज नोट्स बनवायला कोणी मर्ज कमिटचे मेसेज वाचणारी स्क्रिप्ट लिहिली असेल तर तीही बघा. मास्टरमधे मर्ज करताना गिट मेसेजमधे 'कशात मर्ज केलं' हे मुळात लिहीत नाही, पण मेनमधे मर्ज केलं की मेसेजच्या शेवटी 'इनटू मेन' येतं. शेवटपर्यंत जुळवणारा पॅटर्न असेल तर तो मॅच होत नाही आणि नोट्समधून ते काम गायब.

सापडलेलं सगळं आता मेन करायचं का, तर नाही, लगेच नाही. दोन पायऱ्या करा. जिथं नाव लिहायची गरजच नाही तिथं ते काढून डिफॉल्ट ब्रँच विचारणारं व्हेरिएबल टाका: गिटलॅबच्या पाइपलाइनमधे सीआय_डिफॉल्ट_ब्रँच मिळतं, गिटहब ॲक्शन्सच्या अटींमधे इव्हेंटच्या रेपॉझिटरीखालचं डिफॉल्ट_ब्रँच वापरता येतं. हे एकदा केलं की पुढं नाव काहीही होवो. पण ॲक्शन्सच्या ट्रिगरमधे, जिथं ब्रँचची यादी द्यावी लागते, तिथं व्हेरिएबल चालत नाही. तिथं दोन्ही नावं लिहा, मास्टर आणि मेन. प्रोटेक्शनमधे दोन्ही, जेन्किन्समधे दोन्ही, क्लाउडच्या रोलमधे दोन्ही. हे बदल आधी एका साध्या पीआरनं मास्टरवर आणा, रिलीज ब्रँचवर चेरी-पिक करा (तेवढेच कमिट उचलून तिथं लावा), दोन-तीन दिवस नेहमीचं काम चालू द्या. काही फरक पडायला नको, कारण मेन अजून अस्तित्वातच नाही. फरक पडला तर रीनेमच्या आधीच कळलं.

तुमचा तिसरा प्रश्न इथं सुटतो. तुम्हाला सेफ्टी हवी आहे, ते बरोबरच आहे, पण ती कॉन्फिगमधे दोन नावं ठेवून मिळते, सर्व्हरवर दोन ब्रँच ठेवून नाही. दोन जिवंत ब्रँच ठेवल्या की एक दिवस कोणीतरी सवयीनं मास्टरवर हॉटफिक्स टाकणार, डिप्लॉय मेनवरून होणार, हॉटफिक्स गेला असं सगळे समजणार. मग दोन्हीकडे वेगवेगळे कमिट, मग एकमेकांत मर्ज, मग 'खरी ब्रँच कुठली' यावर वाद. दोघींना आपोआप सिंक ठेवणारी स्क्रिप्ट लिहिता येते, पण ती बंद पडली तरी कोणाला कळत नाही, म्हणजे गप्प बसणाऱ्या गोष्टींत अजून एकीची भर. बाहेरचे लोक तुमच्या ब्रँचच्या नावावर अवलंबून असतील तर एक अपवाद मी मान्य करते, त्याबद्दल खाली लिहिते.

आता प्रत्यक्ष रीनेम. गिटहबवर असाल तर ब्रँचच्या यादीतलं रीनेम वापरा, जानेवारी २०२१ पासून ते डिफॉल्ट ब्रँचलाही चालतं, आणि हातानं करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. ते उघड्या पीआरचा बेस नव्या नावाकडे वळवतं, फोर्कमधून, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या रेपोच्या प्रतींतून, आलेल्यांचासुद्धा. नावानं लिहिलेले प्रोटेक्शनचे नियम हलवतं, ड्राफ्ट रिलीज आणि पेजेसची (गिटहबवरच्या वेबसाइटची) ब्रँच बदलतं, जुन्या नावाच्या वेब लिंका नव्याकडे वळवतं. हेच तुम्ही हातानं केलंत, म्हणजे मेन पुश केली, डिफॉल्ट बदललं आणि मास्टर डिलीट केली, तर ज्या पीआरचा बेस मास्टर होता ते सगळे बंद होतात. उघड्या पीआरचं काय होतं ते वाटेवर अवलंबून आहे असं वर म्हटलं ते यामुळे. आणि मास्टर ज्यात बेस नसून सोर्स आहे असा पीआर असेल, म्हणजे मास्टरमधून प्रॉडक्शन ब्रँचकडे जाणारा, तर तो रीनेमच्या आधी मर्ज करून मोकळे व्हा, तो बेसवाल्यांसारखा वळत नाही.

या बटणानं काय होत नाही तेही बघा. रॉ फाइलच्या (नुसता फाइलचा मजकूर देणाऱ्या) लिंका वळत नाहीत, म्हणजे इन्स्टॉल स्क्रिप्ट थेट रॉ लिंकवरून ओढायला सांगणारी तुमची रीडमी मोडेल. गिट पुलला जुनं नाव दिलं तर तेही वळत नाही. आणि तुमच्या रेपोतून एखादी ॲक्शन पब्लिश होत असेल आणि लोक ती ॲट मास्टर लिहून वापरत असतील तर त्यांच्याकडे ती मोडते. हाच तो अपवाद. अशा वेळी जुन्या नावाची ब्रँच परत बनवून, त्यात 'ही ब्रँच बंद आहे, मेन वापरा' असा एक कमिट टाकून, ती कोणालाही पुश करता येणार नाही अशी गोठवून ठेवणं योग्य. पण त्याची किंमत आहे, जुनं नाव परत अस्तित्वात आलं की त्याच्या वेब लिंका मेनकडे वळायच्या बंद होतात. बाहेरचे वापरणारे जास्त की जुन्या लिंका जास्त, हे तुमच्या रेपोवर ठरतं. तुम्ही सांगितलेल्या वर्णनावरून तुम्हाला याची गरज दिसत नाही.

जिथं असं बटण नाही तिथं क्रम महत्त्वाचा. आधी मेन पुश करा, तिच्यावर प्रोटेक्शन लावा (हे विसरलं तर नवी डिफॉल्ट ब्रँच उघडी राहते आणि त्याचीही कुठं लाल खूण येत नाही), मग डिफॉल्ट बदला, मग उघड्या पीआरचे बेस एकेक करून बदला, आणि शेवटी मास्टर काढा. स्वतःच्या सर्व्हरवर साधा बेअर रेपो (वर्किंग फोल्डर नसलेला, नुसती हिस्ट्री ठेवणारा) असेल तर तिथं जाऊन गिट सिम्बॉलिक-रेफ हेड रेफ्स/हेड्स/मेन मारावं लागतं. ते न करता मास्टर डिलीट करायला गेलात तर चालू ब्रँच डिलीट करता येत नाही म्हणून गिट नकार देतं, आणि तो नकार योग्यच आहे, सर्व्हरवरची सेटिंग बदलून तो टाळू नका. नाहीतर हेड नसलेल्या ब्रँचकडे बोट दाखवत राहतं आणि नवा क्लोन केला की वर्किंग फोल्डर रिकामा येतो.

आणि हो, सुरू करायच्या आधी मेन-स्लॅश-काहीतरी अशा नावाची ब्रँच सर्व्हरवर नाही ना बघून घ्या. रेफ हे फाइलसारखे असल्यामुळे मेन नावाची ब्रँच आणि मेन/लॉगिन नावाची ब्रँच एकत्र राहू शकत नाहीत, एकाच नावाची फाइल आणि फोल्डर एकाच जागी राहत नाहीत तसंच. असेल तर आधी तिचं नाव बदला.

मग उरतात लोकांचे क्लोन, आणि इथं मी सगळ्यात जास्त आग्रह धरते. प्रत्येकाला पाठवायचा क्रम असा (ओरिजिन म्हणजे सर्व्हरवरचा रेपो): गिट फेच ओरिजिन, मग गिट ब्रँच -एम मास्टर मेन, मग गिट ब्रँच -यू ओरिजिन/मेन मेन, मग गिट रिमोट सेट-हेड ओरिजिन -ए, शेवटी गिट फेच --प्रून. यातली तिसरी कमांड लोक गाळतात, त्यांना वाटतं रीनेम झालं म्हणजे झालं. पण -एम नं कॉन्फिगमधल्या त्या भागाचं नाव तेवढं बदलतं, आतली मर्जची ओळ रेफ्स/हेड्स/मास्टरकडेच बघत असते. ती गाळली तर पुल आणि पुश दोन्ही एरर देतात, त्यामुळे लवकर लक्षात येतं.

शेवटचं प्रून गाळलं तर मात्र लक्षात येत नाही. प्रून केलं नाही तर त्यांच्या मशीनवर ओरिजिन/मास्टर हा रेफ रीनेमच्या दिवशीच्या कमिटवर गोठून पडून राहतो. बोटांना सवय असते, आपलं काम ताज्या कोडवर आणायला गिट रिबेस ओरिजिन/मास्टर मारलं जातं, रिबेस यशस्वी होतो, माणूस खूश, आणि त्याची ब्रँच दोन आठवडे जुन्या कोडवर उभी असते. प्रून केलेलं असेल तर तीच कमांड 'असा रेफ नाही' म्हणून थांबवते.

आणि ज्यानं मेसेज वाचलाच नाही, तो? तो लोकल मास्टरवर काम करून पुश मारतो. सर्व्हरवर मास्टर नाही म्हणून नकार येईल असं वाटतं, पण नाही, त्याच्या कॉन्फिगमधे अपस्ट्रीम (सर्व्हरवरची जोडीची ब्रँच) मास्टरच लिहिलेलं आहे, गिट आनंदानं 'न्यू ब्रँच, मास्टर ते मास्टर' अशी एक ओळ छापतं आणि सर्व्हरवर मास्टर परत जन्माला येते. त्यात कॉन्फिगमधे आपण दोन्ही नावं ठेवलेली असतात, म्हणजे डिप्लॉयही तिच्यावरून होऊ शकतो! म्हणून रीनेम झाल्या झाल्या, त्याच मिनिटाला, सर्व्हरवर मास्टर नावाची ब्रँच कोणालाही बनवता येणार नाही असा नियम टाका. गिटहबच्या रूलसेटमधे क्रिएशनवर बंदी घालता येते, गिटलॅबमधे त्या नावाला प्रोटेक्टेड करून पुशची परवानगी कोणालाच देऊ नका, स्वतःचा सर्व्हर असेल तर प्री-रिसीव्ह हुकमधे (पुश स्वीकारायच्या आधी सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट) ते नाव नाकारा आणि नकाराच्या मेसेजमधेच वरच्या पाच कमांड छापा. शेवटचा उपाय मला फार आवडतो, ज्याला अडचण येते त्याला त्याच क्षणी उत्तर समोर मिळतं, कोणाला विचारायला जावं लागत नाही.

इथवर वाचून गोंधळ झाला असेल तर क्रम एकदा सलग: शोधा, टेस्ट सक्तीच्या करा, कॉन्फिगला दोन्ही नावं शिकवा, मेन-स्लॅशवाल्या ब्रँच तपासा, सोर्सवाले पीआर मर्ज करा, रीनेम करा, जुन्या नावावर बंदी घाला, लोकांचे क्लोन दुरुस्त करा.

रीनेमची वेळ अशी निवडा की त्यानंतर तुम्ही स्वतः दोनेक तास मोकळे असाल आणि टीम जागेवर असेल, रात्री उशिरा करून सकाळी सगळ्यांना धक्का देऊ नका. झाल्यावर लगेच एक नगण्य बदल, रीडमीतला एखादा शब्द, पीआर टाकून मर्ज करा आणि शेवटपर्यंत त्याच्या मागं जा. वरची हिरवी खूण बघू नका, प्रत्येक स्टेप नावानिशी उघडा, कुठली स्किप झाली ते बघा, आणि प्रॉडक्शनवर चालू असलेल्या बिल्डचा कमिट हॅश तुमच्या मर्जच्या हॅशशी ताडून बघा. तो जुळला की डिप्लॉयचा प्रश्न मिटला. रात्री चालणारे शेड्यूल्ड जॉब दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघा, 'फेल झाले का' असं न बघता 'चाललेत का' असं बघा.

दोन नावांच्या ओळी कॉन्फिगमधून काढायच्या कधी, तर एक पूर्ण रिलीज आणि शक्यतो एक हॉटफिक्स नव्या नावावरून जाऊ द्या, मग काढा. ते काम आत्ताच इश्यू म्हणून कोणाच्या तरी नावावर टाकून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी नवीन आलेला माणूस विचारत बसेल की ही मास्टर कुठली. जुन्या नावावरची बंदी मात्र काढू नका, ती राहू दे कायमची, एखादा जुना लॅपटॉप कपाटातून बाहेर येतो आणि त्यावर अजून लोकल मास्टर असते.